नागपूरच्या काळ्या मातीतलं नत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपाची पेरणी आटोपली की नत्राबद्दलचे, म्हणजे नायट्रोजनबद्दलचे, प्रश्न सुरू होतात. काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार, उमरेड-भिवापूरकडचे सोयाबीन आणि मिरचीवाले, रामटेक-मौद्याचे धान उत्पादक, शहरात गच्चीवर कुंड्या लावणारे, सगळ्यांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात. मुळाशी विचारणं एकच असतं: नत्र येतं कुठून, मातीत किती दिवस थांबतं आणि जातं कुठे? माझं ठाम मत असं की आपल्याकडे नत्र कमी पडण्यापेक्षा त्याचा मेळ चुकतो. पिकाला हवं त्या आठवड्यात ते हव्या त्या रूपात मुळाशी नसतं, आणि नको असतं तेव्हा विहिरीत, नदीत, हवेत पोचलेलं असतं. पुढची उत्तरं याच अंगाने लिहिली आहेत.

हवेत इतका नायट्रोजन असताना पिकासाठी तो विकत का आणावा लागतो?

हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. एका एकरावर जी हवा उभी आहे, तिच्यात तो सुमारे ३१ हजार टन भरतो. हिशेब सोपा आहे: दर चौरस मीटरवर हवेचं वजन सुमारे दहा टन आणि त्यातला पाऊण हिस्सा नायट्रोजनचा. तरी त्याच एकरातली पऱ्हाटी (कपाशी) नत्राअभावी पिवळी पडते. कारण हवेतल्या नायट्रोजनचे अणू दोन-दोनच्या जोडीने असतात आणि जोडीतला बंध तिहेरी असतो. इतका पक्का बंध निसर्गात फार थोड्या ठिकाणी सापडतो. पानांच्या छिद्रांतून ही हवा दिवसरात्र ये-जा करते, पण जोडी तोडण्याचं साधन झाडाकडे नाही. मुळं नत्र घेतात ते पाण्यात विरघळलेल्या अमोनियमच्या किंवा नायट्रेटच्या रूपात, आणि आपल्या जमिनीत मुख्यतः नायट्रेटच्या.

आपलंही तसंच. आपण श्वासाबरोबर आत घेतलेला नायट्रोजन जसाच्या तसा बाहेर सोडतो. शरीराला लागणारं नत्र येतं ते वरण, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांतून.

मग ही जोडी तोडतं कोण?

काही जीवाणू, आकाशातली वीज आणि खतांचे कारखाने.

जीवाणूंचं काम सर्वांत जुनं. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि त्यात लोह व मोलिब्डेनम लागतं. हे विकर साध्या तापमानाला, जमिनीतल्या ओलाव्यात, हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतं. कारखान्यात हेच करायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश यांनी तो कारखान्याच्या मापाला नेला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज जगात हवेतून कारखान्यांमार्फत खेचलं जाणारं नत्र वर्षाला दहा कोटी टनांच्या वर आहे. माणसांच्या शरीरातलं साधारण निम्मं नत्र कधी ना कधी अशा कारखान्यातून आलेलं असतं, असा अंदाज मांडला जातो. शंभर वर्षांत माणसाने या चक्रात जेवढी ढवळाढवळ केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या चक्रात केली असेल.

वीज कडाडून पाऊस पडला की पिकं हिरवीगार होतात, ते विजेमुळे का?

विजेच्या उष्णतेने हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि पावसाबरोबर नायट्रेट खाली उतरतं, हे खरं आहे. पण जगभरच्या विजा मिळून वर्षाला साधारण पन्नास लाख टन नत्र बनवतात. ते सगळ्या जमिनीवर आणि समुद्रावर वाटलं तर एकराच्या वाट्याला फारच थोडं येतं.

मिरगाच्या पावसानंतर जी हिरवाई दिसते तिचं मोठं कारण पायाखाली आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काळी जमीन भेगाळते, वरच्या थरातले कितीतरी जीवाणू मरतात आणि सेंद्रिय पदार्थ सुकून उघडे पडतात. पहिलं पाणी मिळताच उरलेले जीवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि थोड्या दिवसांत बरंचसं नायट्रेट एकदम मोकळं होतं. गंमत म्हणजे तेव्हा वावरात मुळंच नसतात. पेरणी लांबली आणि मोठा पाऊस झाला, तर हे फुकटचं नत्र खाली वाहून जातं. पेरणीच्या वेळीच युरियाचा सगळा डोस टाकू नये, याचं एक कारण हेही आहे: त्या दिवसांत जमीन स्वतः काही देत असते आणि रोप अजून घेण्याएवढं मोठं झालेलं नसतं.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी काम करताहेत की नाही, ते कसं ओळखायचं?

या गाठींत हवेतला नायट्रोजन पकडणारे जीवाणू राहतात. हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, कारण उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी, पीक फुलावर येत असताना, वावराच्या मधल्या भागातली चार-पाच झाडं निवडा. झाड उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. खुरपीने भोवतालची माती सैल करून ढेकळासकट झाड काढा आणि बादलीतल्या पाण्यात अलगद हलवा. काळी माती चिकट असते, घाई करू नका. मुख्य मुळाच्या वरच्या भागात तीन-चार मिलिमीटरच्या गोल गाठी दिसतील. एक गाठ नखाने दाबून फोडा. आतला भाग लालसर गुलाबी असेल आणि नखावर तसाच ओलसर डाग उमटला, तर गाठ कामावर आहे. आतून पांढरी असेल तर ती कोवळी आहे किंवा नुसती बसून खाणारी आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलं.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा नातलग. नायट्रोजिनेज ऑक्सिजनने बिघडतं, पण जीवाणूला जगायला ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जीवाणूला लागेल तेवढाच पुरवतं. मातीतल्या एका एवढ्याशा गाठीत इतकी नेमकी व्यवस्था बसवलेली पाहिली की मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

गाठीतले जीवाणू फुकट राबत नाहीत. नायट्रोजनच्या एका जोडीमागे ऊर्जेचे किमान सोळा रेणू खर्च होतात आणि ते झाडाने पानांत बनवलेल्या साखरेतून येतात. म्हणून जमिनीत आयतं नायट्रेट भरपूर असेल तर झाड गाठी वाढवतच नाही. सोयाबीनला वरून युरिया मारत राहिलं की गाठी कमी दिसतात, त्याचं कारण हे. सुरुवातीला थोडं नत्र आणि पुरेसं स्फुरद (फॉस्फरस) एवढं या पिकाला बहुधा पुरतं.

रायझोबियमचं (गाठी करणाऱ्या जीवाणूंचं) पाकीट लावूनही गाठी आल्या नाहीत. असं का होतं?

बहुतेक वेळा पाकीट उन्हात राहिलेलं असतं, मुदत संपलेली असते किंवा बीजप्रक्रियेचा क्रम चुकलेला असतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जीवाणू संवर्धक, पेरणीच्या थोडं आधी. बियाणं सावलीत सुकवायचं. आणखी एक गोष्ट अनेकदा राहून जाते: वेगवेगळ्या गटांतल्या पिकांचे जीवाणू वेगळे असतात. सोयाबीनचं संवर्धक हरभऱ्याला चालत नाही.

सोयाबीन घेतलं म्हणजे पुढच्या गव्हाला नत्र आयतं मिळतं ना?

थोडं मिळतं, पण लोक समजतात तेवढं नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे साधारण साडेसहा टक्के नत्र. एकरी आठ क्विंटल उतारा आला तर पन्नास किलोच्या आसपास नत्र दाण्यांबरोबर वावरातून कळमन्याच्या बाजारात जातं. पिकाने घेतलेल्या एकूण नत्रापैकी साधारण निम्मं ते साठ टक्के हवेतलं असतं, बाकीचं जमिनीतूनच उचललेलं. वर कुटारही (मळणीनंतरचा भुसा) उचलून नेलं, तर जमिनीच्या खात्यात जवळपास काहीच उरत नाही, उलट वजाबाकी होऊ शकते. जमा होतं ते गळलेल्या पानांचं आणि मुळांचं.

तुरीची पानगळ जास्त, म्हणून तिचा उपयोग जरा बरा. खरं नत्र वाढवायचं असेल तर ताग किंवा ढैंचा पेरून फुलावर येण्याच्या सुमारास गाडावा. तिथे दाणा विकायचाच नसतो, त्यामुळे हवेतून घेतलेलं सगळं जमिनीत राहतं. एक हंगाम कोण अडकवणार, हा प्रश्न रास्त आहे. कपाशीच्या दोन ओळींत ताग घेऊन लवकर गाडणं हा त्यावरचा मधला मार्ग.

मातीत आधीपासून किती नत्र असतं आणि ते पिकाला का मिळत नाही?

आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब (कार्बन) अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात दहा भाग कर्बाला साधारण एक भाग नत्र, असं प्रमाण बसतं. एकराची वरची पंधरा सेंटिमीटर माती सुमारे नऊ लाख किलो. त्यात नत्र भरतं साधारण साडेचारशे किलो, म्हणजे युरियाच्या एकवीस-बावीस गोण्यांइतकं.

पण हे नत्र बँकेतल्या मुदत ठेवीसारखं आहे. मुद्दल ह्यूमसमध्ये, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात, बांधलेलं असतं आणि वर्षाला दोन-तीन टक्के व्याज तेवढं हाती येतं, म्हणजे नऊ ते चौदा किलो. ते सोडवण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी बुरशी आणि जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवून अमोनियम मोकळं करतात. मग एका प्रकारचे जीवाणू, उदाहरणार्थ नायट्रोसोमोनास, अमोनियमचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे दुसरे त्याचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. यांना हवा लागते, ओल लागते आणि ऊब लागते. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये ऊब आणि ओल दोन्ही असतात, हवा मात्र नेहमी नसते. त्याबद्दल पुढे.

अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून काळी माती अमोनियम घट्ट धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला धरायला कुणी नाही. ते पाण्याबरोबर जिकडे पाणी तिकडे जातं. नत्राच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

युरिया टाकल्यावर जमिनीत नेमकं काय घडतं?

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. दाणा ओलीत विरघळला की मातीतलं युरिएज विकर त्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. उबदार जमिनीत हे आठवडाभरात उरकतं. दाण्याच्या भोवतालचा सामू (पीएच) तेवढ्यापुरता आणखी वर चढतो. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू आधीच साडेसात-आठच्या पुढे असतो, आणि सामू जास्त असला की अमोनिया विरघळून राहण्याऐवजी वायू होऊन उडतो.

घरी पाहायचं असेल तर एका थाळीत ओलसर काळी माती घ्या आणि चमचाभर युरिया वरच्या वर पसरा. पांढऱ्या कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून घ्या. काचेच्या पेल्याच्या आत ती पट्टी ओली करून चिकटवा आणि पेला त्या मातीवर उपडा ठेवा. दोन-तीन दिवसांत पिवळी पट्टी तांबूस होते आणि पेला उचलला की नाकाला झोंबणारा वास येतो. गोठ्यात सकाळी जो वास येतो तोच हा. दुसऱ्या थाळीत तेवढाच युरिया दोन बोटं खोल पुरून पाहा, पट्टीचा रंग फारसा बदलत नाही. चार पैसे वाचवण्याचा सगळा धडा या दोन थाळ्यांत आहे.

वावरात अर्थ असा: युरिया फेकून सोडून देऊ नका. ओळीच्या बाजूला द्या आणि लगेच डवरणी (कोळपणी) करून मातीआड करा. नाहीतर हलका पाऊस किंवा पाणी मिळेल असा दिवस साधा. ओलसर जमिनीवर उघडा पडलेला आणि वरून ऊन तापलेलं, यात तिसरा हिस्सासुद्धा उडून जाऊ शकतो. कपाशीला एकदम देण्यापेक्षा पेरणीच्या वेळी थोडा आणि मग तिसाव्या आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास उरलेला, असं वाटून देणं केव्हाही बरं. जादा नत्राने पऱ्हाटी नुसती माजते आणि तुडतुडे, पांढरी माशी तिच्याकडे धावतात.

नीम कोटिंगमुळे युरिया उडून जात नाही, असं दुकानदार सांगतात. बरोबर का?

२०१५ पासून देशात शेतीसाठीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा थर देऊनच येतो. त्याचा उपयोग आहे, पण पुढच्या टप्प्यावर. निंबोळीतले घटक नायट्रोसोमोनासला मंदावतात, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट व्हायला वेळ लागतो आणि नायट्रेट वाहून जाणं कमी होतं. अमोनिया उडून जाणं याने थांबत नाही. त्यासाठी मातीआड करण्याला पर्याय नाही.

झड लागली की सोयाबीन पिवळं का पडतं? युरिया मारू का?

आधी पिवळेपणा नीट पाहा, मग गोणी उघडा.

खालची जुनी पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्याला देतं, म्हणून भूक खालून दिसते. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की हे हमखास होतं आणि युरियाने काही साधत नाही. तिथे फेरस सल्फेटची फवारणी लागते. पानावर ठिपक्या-ठिपक्यांचा, चट्ट्यांचा पिवळेपणा असेल तर पिवळा मोझॅक असू शकतो. तो विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो, नत्राशी त्याचा संबंध नाही.

आता पाणी साचल्यावर नत्राचं काय होतं ते पाहू. काळ्या मातीत पाणी भरलं की हवा संपते. गाठींचं काम मंदावतं. आणि मातीतले दुसरे जीवाणू, ज्यांना श्वासासाठी ऑक्सिजन मिळत नाही, ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात. नायट्रेटचं होतं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा हवेतला साधा नायट्रोजन. चक्र इथे पूर्ण होतं. निसर्गाच्या दृष्टीने हे गरजेचं काम आहे, नाहीतर पृथ्वीवरचं नत्र हळूहळू नायट्रेट होऊन समुद्रात साचलं असतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने विकत घेतलेलं खत हवेत गेलं.

अर्ध्यावर थांबलेला नायट्रस ऑक्साइड जास्त काळजीचा. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो, शतकाहून जास्त काळ हवेत टिकतो आणि वरच्या ओझोन थरालाही झिजवतो. भुलीसाठी वापरतात तोच हा वायू.

तेव्हा झड चालू असताना युरिया फेकणं म्हणजे थेट या जीवाणूंना वाढणं. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलेल्या वावरात ही वेळ कमी येते, कारण मुळं वरंब्यावर असतात. वाफसा आल्यावर गरज वाटलीच तर दोन टक्के युरियाची फवारणी करा.

धानाच्या बांधीत (खाचरात) तर पाणी कायमच असतं. तिथलं नत्र कसं टिकतं?

अमोनियमच्या रूपात. चिखलात हवा नसल्याने नायट्रेट फारसं बनत नाही, आणि अमोनियम चिखलाला धरून राहतं. म्हणून धानाला नत्र चिखलाच्या आत द्यायचं असतं, साचलेल्या पाण्यावर शिंपडायचं नसतं. युरिया-डीएपीच्या गोळ्या दोन-चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधे खोचण्याची पद्धत याच कारणाने चांगली. बांधी कधी ओली, कधी कोरडी अशी होत राहिली तर मात्र कोरडेपणात नायट्रेट बनतं आणि पाणी चढल्यावर उडून जातं. अझोला सोडला तर त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे नील-हरित शैवाल हवेतलं नत्र पकडतात.

जमिनीच्या आरोग्यपत्रिकेत नत्र नेहमी ‘कमी’च का लिहिलेलं असतं?

हेक्टरी २८० किलोंच्या खाली उपलब्ध नत्र असेल तर ‘कमी’, २८० ते ५६० ‘मध्यम’, त्याच्या वर ‘जास्त’. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ भराभर जळतात, त्यामुळे बहुतेक जमिनी खालच्या गटात जातात. शिवाय ही तपासणी सहज सुटण्याजोगं सेंद्रिय नत्र मोजते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुळाशी नायट्रेट किती असेल, हे ती सांगत नाही. मी पत्रिकेतल्या नत्राच्या आकड्यापेक्षा सेंद्रिय कर्बाच्या आकड्याकडे आधी पाहावं म्हणेन. तो दर तीन वर्षांनी थोडा जरी वर सरकत असेल तर जमीन सुधारते आहे.

शेणखत चांगलं की युरिया?

चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरा. एका टनात पाच किलो. एका गोणीच्या बरोबरीला चार टन शेणखत लागतं आणि त्यातलं पहिल्या वर्षी थोडंच सुटतं. नुसत्या नत्राच्या हिशेबाने शेणखत कधीच पुरणार नाही, विशेषतः गुरं कमी झालेल्या गावांत. पण युरिया मुद्दल वाढवत नाही, शेणखत वाढवतं. ते पाणी धरतं, जीवाणूंना खायला देतं, आणि मग दिलेला युरियाही जास्त अंगी लागतो. दोन्ही हवेत.

एक विनंती: उकिरड्यावर शेण वर्षभर उघड्यावर उन्हात ठेवू नका. अर्धं नत्र तिथेच उडतं किंवा पावसात वाहून जातं. खड्डा, वरून माती किंवा पाचोळ्याचा थर, एवढं पुरे.

पऱ्हाटी आणि गव्हाचा भुसा जमिनीत मिसळला तर पुढचं पीक पिवळं पडतं. मग जाळूच का नये?

पिवळं पडतं, कारण भुशात कर्ब फार आणि नत्र फार थोडं. तो कुजवताना जीवाणूंना स्वतःच्या शरीरासाठी नत्र लागतं आणि ते मातीतलं उचलतात. काही आठवड्यांनी तेच जीवाणू मेले की नत्र परत मिळतं. म्हणून मिसळणं आणि पेरणं यांत अंतर ठेवा, पऱ्हाटीचे बारीक तुकडे करा, सोबत शेणाचा काला किंवा थोडा युरिया द्या. जाळलं तर त्यातलं जवळपास सगळं नत्र धुरात जातं आणि मागे पालाशची (पोटॅशची) राख उरते. शेंदरी बोंडअळीची सुप्तावस्था पऱ्हाटीत राहते हे खरं, म्हणून ती वावरात तशीच उभी ठेवू नये. श्रेडरने बारीक करून खत करणं हा जाळण्याहून चांगला उपाय.

नॅनो युरियाची एक बाटली एका गोणीचं काम करते का?

सुरुवातीला बाजारात आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर ४ टक्के नत्र लिहिलेलं होतं. म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २०.७ किलो. हजार पटींचा फरक आहे. पानावरून घेतलेलं नत्र जास्त अंगी लागतं हे मान्य, पण पिकाच्या दाण्यात जे नत्र जातं ते कुठून तरी यायलाच हवं. पूरक फवारणी म्हणून वापरा. त्याच्या भरवशावर जमिनीतला डोस निम्मा करण्याआधी स्वतःच्या वावरातल्या दोन ओळींत तुलना करून पाहा.

संत्र्याच्या बागेत नत्र कधी द्यावं?

आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण देतात (पाणी बंद ठेवतात) तेव्हा झाडाची वाढ थांबणं आणि फांदीत अन्नसाठा होणं हा हेतू असतो. त्याच्या तोंडावर नत्र दिलं तर झाड फुलांऐवजी पालवी काढतं. ताण तोडल्यावर, पाण्याबरोबर, हप्त्याहप्त्याने द्यावं. ठिबक असेल तर फारच सोपं. आळ्यात एकदाच मोठा डोस आणि वरून पाटाने पाणी, ही पद्धत नायट्रेट थेट मुळांच्या खाली पोचवते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशी वयानुसार वेगळ्या असतात. पाच वर्षांच्या झाडाला पंधरा वर्षांच्या झाडाचा डोस देऊ नका.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असेल तर धोका कुणाला?

सर्वांत जास्त, बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं की नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि बाळाचे ओठ, नखं निळसर दिसू लागतात. असं दिसलं तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं, त्यावर सूट नाही. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांतल्या विहिरींत ही मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत आहेत.

पाणी उकळून उपयोग नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट तळाशी राहतं आणि आणखी दाट होतं. तुरटी, क्लोरीन, कापडाची गाळणी यांनीही ते जात नाही. आरओने कमी होतं. दोष दर वेळी खताचाच असतो असंही नाही. विहिरीजवळचा उकिरडा, गोठा, शोषखड्डा हे तितकेच जबाबदार असतात. बाळ घरात असेल तर पाण्याची तपासणी करून घ्या, एवढी कळकळीची विनंती.

शहरात राहणाऱ्याचा या चक्राशी काय संबंध?

नागपूरच्या ताटातली तूरडाळ आणि गहू बाहेरच्या वावरांतून नत्र घेऊन येतात. मोठा माणूस जेवढं नत्र खातो, जवळपास तेवढंच रोज बाहेर टाकतो, साधारण दहा-बारा ग्रॅम, बहुतेक लघवीतून. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. माणशी दहा ग्रॅम धरले तरी दिवसाला २४ टन नत्र होतं, म्हणजे रोज साडेअकराशे गोण्या युरिया. हा हिशेब मोघम आहे, पण त्याचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे नत्र वावरात परत जात नाही. गडरलाइनमधून जे शुद्धीकरणाला पोचतं, त्यातलं भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया झालेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. जे पोचत नाही ते नागनदी आणि पिवळी नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला, गोसेखुर्दच्या जलाशयात, आणि पुढे प्राणहिता-गोदावरीमार्गे समुद्राकडे. वाटेत जिथे पाणी संथ होतं तिथे जलपर्णी आणि शेवाळ या खतावर पोसतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. अंबाझरी तलावावर पसरलेली जलपर्णी अनेकांनी पाहिली आहे. स्फुरदाचाही तिथे मोठा वाटा असतो.

नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत इथे सांगायला हवी. खडी-वाळूच्या थरात कर्दळीसारखी आणि पाणकणसासारखी झाडं लावून सांडपाणी त्यातून वाहू देतात. मुळांजवळ हवा असते तिथे अमोनियमचं नायट्रेट होतं आणि हवा नसलेल्या भागात नायट्रेटचा पुन्हा वायू. शेतात जे नुकसान, ते इथे मुद्दाम घडवून आणलेलं काम. लहान वस्त्यांना, वसतिगृहांना हे परवडण्याजोगं आहे.

गाड्यांचा आणि वीज केंद्रांचा धूर यात येतो का?

येतो. इंजिनात आणि बॉयलरमध्ये इतकं तापमान असतं की हवेतलाच नायट्रोजन जळून त्याचे ऑक्साइड बनतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि शेतातून उडालेल्या अमोनियाशी मिळून सूक्ष्म धूलिकण. हिवाळ्यातल्या सकाळच्या धूसर हवेत गाव आणि शहर दोघांचं नत्र असतं.

गच्चीवरच्या कंपोस्टला घाण वास येतो. काय करू?

नाकाला झोंबणारा वास असेल तर नत्र जास्त झालंय. भाजीचे देठ आणि चहाचा चोथा यांत नत्र भरपूर, त्यामानाने कर्ब कमी. मूठभर ओल्या कचऱ्याला दोन मुठी सुका पालापाचोळा टाका आणि ढवळा. कडुनिंबाची वाळकी पानंही थोडी चालतील. सडका वास असेल तर हवा कमी पडते आहे, भोकं मोकळी करा.

मातीचा नमुना कधी आणि कसा घ्यावा?

रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, खत टाकण्याच्या आधी. धुऱ्याजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी किंवा पाणी साचणाऱ्या खोलगट भागात घेऊ नका. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती काढा. युरियाच्या रिकाम्या गोणीवर ती गोळा करू नका, आकडा चुकतो. स्वच्छ कापडावर सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. सावलीत सुकवा. उंच आणि खोलगट, भारी आणि हलकी अशी जमीन असेल तर नमुने वेगवेगळे. संत्र्याच्या बागेत आळ्याच्या कडेने, एक फूट आणि दोन फूट असे वेगळे थर घ्या. पिशवीवर गट क्रमांक, मागचं पीक आणि पुढचं पीक लिहा, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. निकाल पेरणीआधी हाती येईल अशा बेताने, मिरगाची वाट न पाहता.